घरातील फोन, संगणक, राउटर आणि कॅमेऱ्यांचे अपडेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नंतर आठवण करा’ हे आपल्या घराघरांत बहुधा सर्वाधिक दाबले जाणारे बटण असावे. ते का दाबू नये, आणि दाबायचेच असेल तर किती दिवस दाबावे, याविषयी नातेवाईक, शेजारी आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ही उत्तरे घरगुती वापरापुरती आहेत. कार्यालयातील संगणकांना कार्यालयाचे नियम लागू होतात.

अपडेट म्हणजे नेमके काय? मला नवीन सुविधा नको असतील तर ते घेण्याचे कारण काय?

‘अपडेट’ या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात आणि बराचसा गोंधळ तेथूनच सुरू होतो. एक म्हणजे सजावट आणि सोयी: चिन्हांचे आकार बदलतात, कॅमेऱ्यात एखादी नवी करामत येते, हाताच्या सवयीचे बटण डावीकडून उजवीकडे जाते. या बदलांचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, आणि येथील विषय तीच आहे. फोन किंवा संगणक चालवणारे सॉफ्टवेअर कोट्यवधी ओळींचे असते आणि ते माणसांनी लिहिलेले असल्यामुळे त्यात चुका राहतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. काही मात्र अशा असतात की, ज्याला त्या ठाऊक आहेत तो मुद्दाम घडवलेली एखादी फाइल किंवा संदेश पाठवून आपल्या उपकरणाला स्वतःच्या आज्ञा पाळायला लावू शकतो. अशा चुकीला सुरक्षा त्रुटी म्हणतात, आणि तिची दुरुस्ती अपडेटमधून येते.

एक उदाहरण पाहू. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइड फोनमधील ‘स्टेजफ्राइट’ नावाच्या भागातील त्रुटी उघड झाल्या. व्हिडिओ आणि ध्वनीच्या फाइल हाताळणे हे या भागाचे काम होते. विशिष्ट प्रकारे बिघडवलेला व्हिडिओ एमएमएसने पाठवला की, मालकाने तो उघडण्याची वाट न पाहता फोन तो आधीच वाचायला घेत असे, आणि त्या वाचनातच हल्लेखोराचा कोड चालू शकत असे. ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ हा आपण सर्वांनी पाठ केलेला सल्ला येथे कुचकामी होता, कारण मालकाने काहीही दाबण्याची गरजच नव्हती. या प्रकरणानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गूगलने दरमहा सुरक्षा अपडेट देण्याची पद्धत सुरू केली.

संगणक उत्तम चालतो आहे. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजसाठी एक सुरक्षा अपडेट दिले. एकाच नेटवर्कवरील संगणक परस्परांच्या फाइल पाहू शकतात. ती सोय पुरवणाऱ्या जुन्या यंत्रणेतील एक गंभीर त्रुटी या अपडेटने बुजवली. बरोबर एका महिन्याने, १४ एप्रिलला, स्वतःला ‘शॅडो ब्रोकर्स’ म्हणवणाऱ्या एका टोळीने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरलेली, संगणकांत घुसण्याची हत्यारे इंटरनेटवर खुली केली. त्यांतले ‘इटर्नलब्लू’ नावाचे हत्यार नेमकी हीच त्रुटी वापरणारे होते. त्यानंतर चार आठवड्यांनी, १२ मे रोजी, त्या हत्याराच्या आधारे ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम सुटला आणि काही दिवसांत सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवरील फाइल कुलूपबंद झाल्या. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या किमान एक तृतीयांश ट्रस्टच्या, म्हणजे रुग्णालये वगैरे चालवणाऱ्या संस्थांच्या, कामकाजात व्यत्यय आला आणि हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची झळ बसली.

१४ मार्च ते १२ मे हे ५९ दिवस होतात. ज्या संगणकांनी या ५९ दिवसांत कधीही अपडेट घेतले होते, त्यांच्यात वॉनाक्रायला या वाटेने शिरता आले नाही. पुढे असेही दिसून आले की, बळी पडलेले बहुसंख्य संगणक विंडोज ७ वर चालणारे होते, म्हणजे ज्यांच्यासाठी दुरुस्ती मार्चपासून उपलब्ध होती. ११ मे रोजी त्यांच्या मालकांना विचारले असते, तर ‘संगणक उत्तम चालतो आहे’ असेच उत्तर मिळाले असते आणि ते खरेही होते.

यातला सहसा लक्षात न येणारा मुद्दा असा की, अपडेट प्रसिद्ध होण्यापूर्वीपेक्षा ते प्रसिद्ध झाल्यानंतरचा काळ सामान्य घरगुती वापरकर्त्यासाठी अधिक धोक्याचा असतो. दुरुस्ती येईपर्यंत त्रुटीची माहिती मोजक्या लोकांना असते आणि अशी दुर्मीळ माहिती कोणी तुमच्या-आमच्या घरासाठी खर्च करत नाही. दुरुस्ती जाहीर झाली की, जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून कोणताही जाणकार नेमके काय बदलले हे पाहू शकतो. म्हणजेच भोक कोठे होते हे जगजाहीर होते. त्या दिवसापासून शर्यत सुरू होते आणि आपण ‘नंतर आठवण करा’ दाबतो तेव्हा त्या शर्यतीत स्वतःहून मागे राहतो.

माझ्याकडे चोरण्यासारखे काहीच नाही. माझ्यावर कोण कशाला हल्ला करील?

आपल्यावर म्हणून कोणी करत नाही, हे खरेच आहे. बहुतेक हल्ले माणूस पाहून होत नाहीत. इंटरनेटवरील पत्ते एकामागून एक ठोठावत जाणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात आणि जेथे जुने दार सापडते तेथे ते शिरतात. दारामागे बँक आहे की दोन खोल्यांचे घर, हे त्यांना कळत नाही.

शिवाय चोरण्यासारखे काही नसले तरी वापरण्यासारखे पुष्कळ असते: आपले इंटरनेट, आपला पत्ता, आपली वीज. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने घरोघरचे कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी) आणि राउटर आपल्या अंकित केले. त्याची पद्धत अगदी साधी होती. कारखान्यातून येणारी साठेक नेहमीची नावे आणि पासवर्ड तो क्रमाने वापरून पाहत असे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या फौजेने इंटरनेटवरील नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या अमेरिकी कंपनीवर एकदम मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेक तास विस्कळीत झाल्या. ज्यांचे कॅमेरे या हल्ल्यात सामील होते, त्यांच्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता, कारण कॅमेरा दिवाणखान्यात नेहमीसारखाच चालू होता. मिराई लिहिणारे तिघेही कोवळ्या वयाचे अमेरिकी तरुण होते आणि त्यांनी सुरुवात केली होती ती माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हर व्यवसायातील प्रतिस्पर्ध्यांना त्रास देण्यासाठी.

राउटर तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या माणसाने बसवला आहे. त्याचे अपडेट मी का पाहावे?

घरातील सर्वांत दुर्लक्षित आणि तरीही सर्वांत मोक्याचे उपकरण राउटर हेच आहे. फोन, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा या सर्वांची ये-जा त्याच्यातून होते. त्याला पडदा नाही, त्यामुळे तो अपडेटची आठवण करून देऊ शकत नाही. मी पाहिलेल्या घरांपैकी अनेक ठिकाणी तो टीव्हीच्या मागे किंवा देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर असतो आणि इंटरनेट बंद पडल्याशिवाय त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाचा प्रोग्रॅम ५४ देशांतील किमान पाच लाख राउटर आणि तत्सम उपकरणांमध्ये सापडला. लिंकसिस, मायक्रोटिक, नेटगिअर, टीपी-लिंक अशा घरगुती आणि लहान कार्यालयांत आढळणाऱ्या कंपन्यांची ही उपकरणे होती. त्यांतून जाणारी माहिती चोरण्याची आणि हुकूम मिळताच उपकरण कायमचे निकामी करण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये होती. तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने सामान्य नागरिकांना राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याचे आवाहन केले होते. त्याने हा प्रोग्रॅम पुरता जात नसे, पण त्याचा मोठा भाग स्मृतीतून पुसला जाई. कायमचा उपाय फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करणे आणि मूळ पासवर्ड बदलणे हाच होता.

फायबर जोडणीसोबत मिळालेला राउटर बहुधा कंपनी दूरून अद्ययावत करते. तो तसा होतो का, हे त्यांच्या ग्राहक सेवेला विचारावे आणि नुसते ‘हो’ ऐकून न थांबता फर्मवेअरचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख विचारावी. स्वतः विकत घेतलेल्या राउटरची जबाबदारी आपली असते. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता असतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. घरच्या वायफायवर असताना ब्राउझरमध्ये तो टाकला की राउटरचे पान उघडते. तेथे फर्मवेअर अपडेटचा पर्याय ‘सिस्टीम’, ‘ॲडव्हान्स्ड’ किंवा ‘मेंटेनन्स’ यांपैकी कोठेतरी सापडतो. आपोआप अपडेट होण्याची सोय असेल तर ती चालू करावी आणि त्याच बैठकीत या पानाचा पासवर्ड बदलावा. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि या पानाचा पासवर्ड वेगळा. माझ्या एका नातेवाइकांनी वायफायचा पासवर्ड दर दिवाळीला निष्ठेने बदलला होता. राउटरच्या पानाचा मात्र सात वर्षे ‘ॲडमिन’ हाच होता.

सोसायटीतील किंवा घरातील सीसीटीव्हीचे काय?

कॅमेरा सुरक्षेसाठी बसवला असल्यामुळे तो स्वतः असुरक्षित असू शकेल, असे आपल्या मनात येत नाही. प्रत्यक्षात डीव्हीआर हा एक छोटा संगणकच असतो, तो वर्षानुवर्षे बंद होत नाही आणि बसवणाऱ्याने ‘मोबाइलवर दिसावे’ म्हणून त्याचे दार बऱ्याचदा थेट इंटरनेटवर उघडून ठेवलेले असते. सोसायटीच्या वार्षिक देखभाल करारात लेन्स पुसणे, वायरी तपासणे आणि हार्ड डिस्क बदलणे यांचा उल्लेख असतो. फर्मवेअर अद्ययावत करणे आणि पासवर्ड बदलणे यांचा उल्लेख बहुतेक करारांत नसतो. तो पुढील करारात लेखी घालून घ्यावा. ठेकेदार बदलला की पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व उपकरणांना एकच ठरावीक पासवर्ड देऊन ती विकण्यास कायद्याने बंदी आहे आणि सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील हे विक्रेत्याला सांगावे लागते. भारतातही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणीची अट एप्रिल २०२५ पासून लागू झाली. आधीच भिंतीवर बसवलेल्या कॅमेऱ्यांना मात्र तिचा काही उपयोग नाही, आणि आपल्याकडे भिंतीवर असलेले कॅमेरे संख्येने पुष्कळ आहेत. ज्या कॅमेऱ्याला अपडेट मिळणे बंद झाले आहे तो लगेच बदलणे शक्य नसेल, तर राउटरमधील पाहुण्यांसाठीच्या स्वतंत्र वायफायवर त्याला ठेवावे, म्हणजे तो कोणाच्या ताब्यात गेला तरी घरच्या मुख्य वायफायवरील लॅपटॉपपर्यंत पोचणे कठीण होते. स्मार्ट टीव्ही, स्मार्ट बल्ब आणि आवाजावर चालणारे स्पीकर यांनाही हेच लागू आहे.

माझ्या फोनला अपडेट येणेच बंद झाले आहे. फोन फेकून द्यावा का?

आधी खरेच बंद झाले आहे का ते पाहावे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ आणि त्यात ‘अँड्रॉइड आवृत्ती’ उघडल्यावर सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. तेथेच किंवा जवळपास ‘गूगल प्ले सिस्टीम अपडेट’ अशी आणखी एक तारीख असते. ती ताजी असली म्हणून समाधान मानू नये, कारण फोनच्या गाभ्यातील अनेक दुरुस्त्या फक्त पहिल्या प्रकारच्या अपडेटमधून येतात. आयफोनमध्ये ‘जनरल’ आणि ‘सॉफ्टवेअर अपडेट’ या वाटेने गेल्यास हीच माहिती मिळते.

तारीख वर्षभराहून जुनी असेल आणि नवे काही येत नसेल, तर त्या फोनवरून यूपीआय, बँकेची ॲप आणि मुख्य ईमेल काढून टाकावे. गाणी, गजर, मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ यांसाठी तो फोन आणखी काही वर्षे खुशाल वापरावा.

येथे एका घरगुती रिवाजाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. नवा फोन आला की जुना फोन घरातील सर्वांत वयस्कर माणसाकडे जातो, कारण ‘आजोबांना फक्त व्हॉट्सॲपच तर लागते’. परंतु आजोबांचे निवृत्तिवेतनाचे खाते, मुदत ठेवींचे ओटीपी आणि आधारशी जोडलेला क्रमांक त्याच फोनमध्ये असतो. म्हणजे घरातील सर्वाधिक साठवलेली रक्कम आपण घरातील सर्वांत कमी संरक्षित उपकरणावर ठेवतो. जुना फोन द्यायचाच असेल तर तो शाळकरी नातवाला द्यावा. नातू रुसेल हे मान्य आहे.

नवा फोन घेताना किती वर्षे सुरक्षा अपडेट मिळतील, हे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलइतक्याच आग्रहाने विचारावे. गूगलने ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचे आश्वासन दिले आहे. स्वस्त फोनना बरेच कमी मिळते. ही वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण घेतल्यापासून नव्हे. दसरा-दिवाळीच्या सवलतीत अर्ध्या किमतीला मिळणाऱ्या दोन वर्षे जुन्या फोनची दोन वर्षे दुकानातच संपलेली असतात.

विंडोज १० अजून चालते आहे. आता काय करावे?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना ठेवली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवल्यास त्यासाठी पैसे पडत नाहीत. ही योजना म्हणजे तयारीसाठी मिळालेली मुदत आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक त्यात बसत नाहीत. अशा संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही लिनक्स प्रकारातील प्रणाली बसवता येते. ती विनामूल्य आहेत आणि त्यांत मराठीही टंकता येते. ज्यांचे काम ब्राउझर, ईमेल आणि पत्रलेखन एवढेच आहे त्यांना हा बदल आठवडाभरात अंगवळणी पडतो. टॅली किंवा सरकारी पोर्टलसाठी लागणारी डिजिटल सही वापरणाऱ्यांनी मात्र आधी चौकशी करावी.

विंडोज अद्ययावत असेल तर आतले इतर प्रोग्रॅम आपोआप अद्ययावत होतात का?

सर्व होत नाहीत. क्रोम किंवा फायरफॉक्स स्वतःची काळजी घेतात. फाइल आवळून लहान करणारा आणि पुन्हा उलगडणारा विनरार हा प्रोग्रॅम मात्र घेत नाही. आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक संगणकावर कोणीतरी कधीतरी विनरार टाकलेले असते, ‘चाचणीचा कालावधी संपला’ ही त्याची सूचना आपण वर्षानुवर्षे बंद करत राहतो आणि तो प्रोग्रॅम त्याच जुन्या अवस्थेत राहतो. २०१९ मध्ये त्यात १९ वर्षे जुनी त्रुटी सापडली. २०२३ मध्ये आणखी एक सापडली आणि ऑगस्टमध्ये दुरुस्ती येण्यापूर्वी एप्रिलपासूनच तिचा गैरवापर चालू होता. त्यामुळे वर्षातून एकदा स्थापित प्रोग्रॅमची यादी उघडावी. जे वापरात नाही ते काढून टाकावे आणि जे राहील त्याची नवी आवृत्ती त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्यावी. न वापरलेला प्रोग्रॅम काढून टाकणे हे अपडेटपेक्षाही चांगले, कारण नसलेल्या प्रोग्रॅममध्ये त्रुटी नसते.

अँटिव्हायरस आहे; तरीही अपडेट हवे का?

हवे. अँटिव्हायरस हा आत आलेल्या उपद्रवी प्रोग्रॅमला ओळखण्याचा प्रयत्न करतो; तो प्रोग्रॅम ज्या त्रुटीतून आत आला ती बुजवणे त्याच्या हातात नसते.

संगणकावर दुकानदाराने ‘फुकटचे’ विंडोज टाकून दिले आहे. त्याला अपडेट केले तर चालेल का?

अशा प्रतींमध्ये अपडेट मुद्दाम बंद करून ठेवण्याची पद्धत आहे, कारण अपडेटमुळे चोरी उघडी पडेल अशी भीती असते. शिवाय परवान्याची तपासणी चुकवणारा जो प्रोग्रॅम त्यासोबत बसवला जातो, तो चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते. कोणाच्या तरी सांगण्यावरून पहारेकऱ्याला सुट्टी देऊन आपण अनोळखी माणसाला घरात घेतो, असा हा प्रकार आहे. परवाना विकत घ्यावा, अथवा वर सांगितल्याप्रमाणे लिनक्स वापरावे.

अपडेटमुळे फोन मंदावतो, कधीकधी बिघडतोही. हे खोटे आहे का?

खोटे नाही. ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले होते की, बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग अपडेटद्वारे मुद्दाम कमी केला गेला होता. बॅटरीवर ताण येऊन फोन अचानक बंद पडू नये, हे त्यांनी दिलेले कारण होते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो प्रोग्रॅम कंपन्यांसाठीचा होता, घरगुती संगणकांवर तो नसतो, परंतु अपडेट देणाऱ्याच्या हातून चूक होऊ शकते हे त्यातून स्पष्ट झाले.

म्हणून मी असा भेद करतो. दरमहाची सुरक्षा अपडेट आली की त्याच आठवड्यात घ्यावीत. संपूर्ण नवी आवृत्ती, म्हणजे एका क्रमांकावरून पुढच्या क्रमांकावर नेणारे मोठे अपडेट, जुन्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या मिळत असतील तोवर दोन-तीन आठवडे थांबून घेतले तरी चालते. तेवढ्या काळात त्यातील ढोबळ दोष बाहेर येतात. फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन मगच मोठे अपडेट सुरू करावे. मोठ्या अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन गरम होतो आणि मंद वाटतो. तो आतल्या फाइलींची नव्याने मांडणी करत असतो.

अपडेटमधूनच व्हायरस येऊ शकतो का?

येऊ शकतो, आणि त्याचा फटका महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बसलेला आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधील ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. हल्लेखोरांनी अपडेट पाठवणाऱ्या सर्व्हरचाच ताबा घेतला होता. तेथून तो मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरला आणि त्याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या न्हावा शेवा येथील, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदरातील, एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. कंटेनरची नोंद हाताने करण्याची वेळ आली. मर्स्कने स्वतःच्या नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर इतका वर्तवला होता.

मग अपडेटवर विश्वास का ठेवावा? कारण असे हल्ले दुर्मीळ आणि महागडे असतात, तर जुन्या त्रुटींवरचे हल्ले रोजचे आणि स्वस्त असतात. नॉटपेट्यानेही आत शिरल्यावर पुढे सरकण्यासाठी जी साधने वापरली, त्यांत इटर्नलब्लू हे वॉनाक्रायचेच हत्यार होते. म्हणजे मार्चमधली तीच दुरुस्ती जूनपर्यंतही अनेक ठिकाणी झालेली नव्हती.

खोटे अपडेट कसे ओळखावे?

खरे अपडेट उपकरणाच्या सेटिंग्जमध्ये किंवा अधिकृत ॲप स्टोअरमध्ये दिसते. ते व्हॉट्सॲपवर येत नाही, एसएमएसमधील लिंकवर येत नाही आणि फोन करून कोणी ते सांगत नाही. एखादे संकेतस्थळ पाहत असताना ‘आपले क्रोम जुने झाले आहे, येथे दाबा’ अशी पाटी आली, तर ती त्या संकेतस्थळाची असते, क्रोमची नव्हे. क्रोमचे खरे अपडेट त्याच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांच्या मेन्यूत असते.

आपल्याकडे मोठे नुकसान एपीके फाइलींमुळे, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणाऱ्या फाइलींमुळे, होते. आरटीओचे चलन, लग्नाची पत्रिका, बँकेचे केवायसी, वीजबिलाचे ॲप अशा नावांनी त्या व्हॉट्सॲपवर येतात. स्थापित केल्यावर हे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि ती मिळताच ओटीपी थेट चोराकडे जातात. लग्नाची पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर त्या लग्नाला जाऊ नये. फोनमधील ‘अनोळखी स्रोतांकडून ॲप स्थापित करणे’ ही परवानगी व्हॉट्सॲप आणि ब्राउझर दोहोंसाठी बंद ठेवावी.

फसवणूक झालीच तर फोनचे इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांत अधिक असते, म्हणून आधी घरच्यांशी चर्चा आणि मग तक्रार असा क्रम ठेवू नये.

अपडेट चालू असताना वीज गेली तर? आणि डेटा किती जाईल?

फोनला स्वतःची बॅटरी असल्यामुळे विजेची चिंता नाही. अलीकडच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये नवी आवृत्ती वेगळ्या जागेत लिहिली जाते आणि ती सुरू झाली नाही तर फोन जुन्या आवृत्तीवर परततो. राउटर आणि डीव्हीआर यांच्यात अशी सोय असेलच असे नाही; फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली तर उपकरण कायमचे बंद पडू शकते. ज्या गावांत भारनियमन आहे किंवा पावसाळ्यात वीज जाते-येते, तेथे राउटर इन्व्हर्टरवर असतानाच हे काम करावे.

रोज दीड-दोन जीबी मिळणाऱ्या मोबाइल प्लॅनवर मोठे अपडेट उतरवणे परवडत नाही. फोनमध्ये ‘फक्त वायफायवर’ हा पर्याय ठेवावा आणि लॅपटॉप मोबाइल हॉटस्पॉटला जोडत असल्यास विंडोजमध्ये ती जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे मर्यादित डेटाची, म्हणून नोंदवावी. मात्र घरी वायफाय नसेल तर हा पर्याय म्हणजे अपडेट कधीच न होणे. तेव्हा महिन्यातून एकदा नातेवाइकांच्या वायफायवर किंवा रात्री उरलेल्या डेटावर ते उरकावे.

आई-वडील गावी असतात, मी परगावी किंवा परदेशी. त्यांची उपकरणे कशी सांभाळावीत?

भेटीला जाल तेव्हा फोन आणि ॲप स्टोअर दोन्हींचे आपोआप अपडेट चालू करून ठेवावे आणि फोनमधील जागा मोकळी करावी, कारण सुप्रभातच्या चित्रांनी भरलेल्या फोनमध्ये अपडेट उतरायला जागाच नसते आणि ते निमूटपणे अयशस्वी होत राहते. दूरून फोन हाताळण्याची ॲप त्यांच्या फोनमध्ये कायमची ठेवू नयेत. फसवणूक करणारे लोक तीच ॲप वापरायला सांगतात आणि ‘मुलानेही हेच टाकले होते’ म्हणून आई-वडील निर्धास्त राहतात. त्याऐवजी व्हिडिओ कॉलवर दुसऱ्या फोनचा कॅमेरा पडद्याकडे धरायला सांगावे.

नव्या त्रुटींची खात्रीशीर माहिती कोठे मिळते?

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखालील सर्ट-इन ही संस्था अशा सूचना नियमितपणे प्रसिद्ध करते. तिच्याच ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वर बाधित उपकरणे तपासण्याची विनामूल्य साधने मिळतात. सर्ट-इनच्या सूचनेवरून ‘कोट्यवधी मोबाइलधारकांना सरकारचा गंभीर इशारा’ अशा मथळ्याच्या बातम्या दर महिन्याला येतात. बातमी वाचून घाबरण्याऐवजी मूळ सूचनेचा शेवटचा भाग पाहावा. तेथे बहुधा संबंधित कंपनीने दिलेले अपडेट घ्यावे, एवढेच लिहिलेले असते.

हे सर्व किती वेळा तपासावे?

मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. भारतात तेव्हा रात्र झालेली असते, म्हणून बुधवारी संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. लॅपटॉपचे झाकण नुसते मिटून ठेवणाऱ्यांची अपडेट उतरलेली असूनही आठवडेच्या आठवडे लागू होत नाहीत. फोनची तारीख त्याच दिवशी पाहून घ्यावी. राउटर आणि डीव्हीआर तीन महिन्यांतून एकदा तपासले तरी पुरे. इंटरनेटचे बिल तिमाही भरत असाल तर त्याच दिवशी.